बोलल्या तसंच लिहा

शिरपूर तालुक्यात एका दिवसात चार भाषा कानावर पडतात. बाजारात अहिराणी, गुजर घरांत गुजरी, सातपुड्याच्या पायथ्याशी बोराडी-पळासनेरकडे पावरी, आणि शाळेत, तहसीलात, दवाखान्याच्या केसपेपरवर मराठी. इथल्या माणसाला लकवा मारला आणि त्याची वाचा गेली, तर त्याच्या कोणत्या भाषेतलं काय गेलं आणि काय उरलं, हे शोधणं स्पीच थेरपिस्टचं पहिलं काम. ते ज्या वर्गात शिकवलं जातं तिथे आता जनरेटिव्ह एआय येऊन बसलं आहे. त्याला काय करू द्यायचं आणि काय नाही, हे ठरवताना शिरपूरच्या पेशंटचा विचार आधी व्हायला हवा, असं मला वाटतं.

वाचा, भाषा आणि श्रवण या शास्त्राचं शिक्षण महाराष्ट्रात 1966 साली मुंबईच्या नायर रुग्णालयात सुरू झालं. 1983 साली वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था उभी राहिली. आज बीएएसएलपी ही या शास्त्राची चार वर्षांची पदवी आहे आणि त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. पुस्तकं मात्र जवळजवळ सगळी इंग्रजी. त्यामुळे 2022 च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आलं, तेव्हा मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला घरबसल्या शिकवणी लागल्यासारखंच झालं. ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचा आलेख, कसा वाचायचा, हे तो रात्री अकरा वाजता विचारू शकतो, आणि समजेपर्यंत पुन्हापुन्हा विचारू शकतो. पालकांना द्यायच्या सूचना सोप्या मराठीत करून घेऊ शकतो. ज्या मुलीच्या घरात आजवर कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही, तिच्यासाठी ही सोय फार मोठी आहे.

चित्रांचंही तसंच. वाचाघाताच्या तपासणीत पेशंटपुढे एक चित्र ठेवून ‘यात काय काय चाललंय ते सांगा’ असं म्हणतात. जगभर गाजलेलं चित्र बोस्टनच्या 1972 च्या चाचणीतलं आहे. सिंक भरून पाणी जमिनीवर वाहतंय, बाई बशी पुसतेय, मागे स्टुलावर चढून मुलगा बरणीतली बिस्किटं चोरतोय. थाळनेरचे एखादे आजोबा हे चित्र पाहून गप्प राहिले, तर ते वाचा गेली म्हणून की चित्र परकं म्हणून, हे कसं ओळखायचं? आज विद्यार्थी थोड्या वेळात वावराचं, कपाशीचं, केळीच्या बागेचं चित्र करून घेऊ शकतो. त्याचे निकष निरोगी माणसांवर नव्याने बसवावे लागतील, हे खरं. शिवाय वेचलेला कापूस ठेवायला बाईने कमरेला फडकं बांधलंय की नाही, हे चित्र पाहून शिरपूरचीच बाई सांगेल. पण हे करण्याजोगं काम आहे.

अडचण सुरू होते ती मशीन ऐकायला बसतं तेव्हा.

समजा, लकव्यानंतर चार महिन्यांनी एक माय थेरपिस्टसमोर बसल्या आहेत. सून कुठे गेली, असं विचारल्यावर त्या म्हणतात, ‘वावर... वावरमा... आं... कपाशी... ते... कपाशी.’ मध्ये हात हलतो, मान हलते, एकदा बराच वेळ शांतता. हे रेकॉर्डिंग मशीनला दिलं तर ते समजुतीने एक वाक्य हाती देऊ शकतं: ‘ती वावरात कापूस वेचायला गेली आहे.’ अर्थ बरोबर आहे. घरच्या माणसाला एवढं पुरे. थेरपिस्टचं मात्र सगळं हरवलं. माय क्रियापद बोलल्याच नाहीत, ते मशीनने घातलं. ‘कपाशी’पर्यंत पोचायला त्यांना किती वेळ लागला, ते पुसलं गेलं. आणि सगळ्यांत मोलाची गोष्ट, ती ‘मा’. अहिराणीत ‘वावरमा’ म्हणजे वावरात. म्हणजे इतकं तुटलेलं बोलतानाही मायनी विभक्तीचा प्रत्यय आपण होऊन दुरुस्त करून लावला. उपचार कुठून सुरू करायचे याचा धागा इथे आहे. पुण्याहून आलेल्या विद्यार्थ्याला ही ‘मा’ म्हणजे नुसता हुंकार वाटू शकतो. पण तो निदान थांबेल आणि जवळ बसलेल्या मुलाला विचारेल. मशीन थांबत नाही.

आधीच्या शब्दांवरून पुढचा संभाव्य शब्द काढणं हेच या मशीनचं काम आहे. तुटलेलं जोडणं, राहिलेलं भरणं, ओबडधोबड ते सारखं करणं, यातच त्याचं कसब. आपल्या बहुतेक कामांत ते उपयोगी पडतं. या एका शास्त्रात मात्र तुटलेलं वाक्य हाच पुरावा असतो. ते जोडून देणारा मदतनीस इथे पुरावा नष्ट करतो, आणि तेही इतक्या सफाईने की विद्यार्थ्याला संशय येत नाही.

हे नुसतं माझं अनुमान नाही. चॅटजीपीटी काढणाऱ्या ओपनएआयनेच 2022 मध्ये व्हिस्पर नावाचं, बोललेलं लिहून देणारं मॉडेल आणलं. ते 6 लाख 80 हजार तासांच्या आवाजावर शिकवलेलं आहे आणि त्यातलं बहुतांश बोलणं इंग्रजी. अमेरिकेत अॅलिसन केनेके आणि सहकाऱ्यांनी वाचाघात झालेल्या आणि न झालेल्या माणसांची रेकॉर्डिंग त्याला ऐकवली. निष्कर्ष 2024 मध्ये आले. शंभरातल्या साधारण एका तुकड्यात मॉडेलने कुणीही न बोललेली वाक्यं लिहून ठेवली होती. वाचाघात झालेल्यांच्या बाबतीत हे प्रमाण जास्त होतं, आणि बोलण्यात जितकी शांतता जास्त तितकी ही भर पडण्याची शक्यता जास्त. मॉडेलं सुधारतील, सुधारतही आहेत. पण ही इंग्रजीची कथा आहे, जिथे मशीनचं बहुतांश शिक्षण झालं.

कानाच्या तपासणीत वेगळाच घोळ होतो. हेडफोन लावून पेशंटला दोन अक्षरी शब्द ऐकवतात, आवाज कमी करत नेतात आणि तो शब्द परत म्हणायला लावतात. निम्मे शब्द बरोबर येतात ती पातळी नोंदवायची. आता यादीत शाळा, डोळा, काळा असे शब्द आहेत, आणि अहिराणीत ‘ळ’च्या जागी ‘य’ येतो. आजोबा स्वच्छ ऐकून स्वच्छ सांगतात: ‘डोया’, ‘काया’. गुण मशीन देत असेल आणि त्याच्या कानाला फक्त प्रमाण मराठी ठाऊक असेल, तर ऐकू येणाऱ्या माणसाच्या कागदावर चुका चढतील. लहान मुलाच्या बाबतीत तर ‘शाया’ म्हणणं उच्चारदोष ठरेल, आणि जे आजीकडून शिकला ते विसरायला त्याला थेरपीला बसवलं जाईल. माणसंही ही चूक करतात, हे मान्य. पण माणसाच्या चुकीला एका क्लिनिकची मर्यादा असते.

2011 च्या जनगणनेत खानदेशी बोलणारे सुमारे 18 लाख 60 हजार नोंदले गेले, त्यातले बहुसंख्य अहिराणीचे. भारतीय भाषांचं सर्वेक्षण करणाऱ्या ग्रिअर्सनने त्या सर्वेक्षणाच्या 1907 च्या खंडात खानदेशीला मराठीत न घालता भिल्ल भाषांच्या शेजारी जागा दिली होती. पण ती राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही, आणि सरकारच्या भाषिणीसारख्या भाषा-तंत्रज्ञानाच्या उपक्रमांचा भर अनुसूचीतल्या 22 भाषांवर आहे. पावरी आणि गुजरीचं तर नावही कुणी घेत नाही. बोली जशीच्या तशी उतरवली तर काय हाती लागतं, हे खानदेशच्याच कवयित्री बहिणाबाई चौधरींकडे पाहून कळतं. त्यांची बोली अहिराणीहून निराळी, लेवा गणबोली. त्यांना लिहिता येत नव्हतं. मुलगा सोपानदेव आणि त्यांच्या मावसभावाने त्यांची गाणी त्या म्हणत तशी उतरवून घेतली म्हणून 1952 साली महाराष्ट्राला तो आवाज मिळाला. उतरवणाऱ्याने हात आवरता घेण्याचं याहून मोठं उदाहरण आपल्याकडे मला दिसत नाही.

म्हणून बीएएसएलपीच्या पहिल्याच वर्षी विद्यार्थ्याला दहा मिनिटांचं बोलणं हाताने, ध्वनिलिपीत, थांबण्याच्या सेकंदांसह उतरवायला लावावं. मग तेच रेकॉर्डिंग मशीनला द्यावं आणि दोन कागद शेजारी ठेवावेत. मशीनने काय घातलं आणि काय गाळलं हे शोधण्याला गुण द्यावेत. त्यासाठी पेशंटचा आवाज बाहेरच्या कुठल्याही अॅपवर चढवू नये. ज्याची वाचा गेली आहे त्याची संमती घेणं हीच अवघड गोष्ट आहे. निरोगी माणसांनी राजीखुशीने दिलेली रेकॉर्डिंग सरावाला पुरतील.

आणि या बोलींतली अशी रेकॉर्डिंग आज पुरेशी नाहीत, खरी उणीव तिथे आहे. शिरपूरला अभियांत्रिकी शिकणारी मुलं मोठ्या संख्येने आहेत आणि एआय त्यांच्या अभ्यासात आहे. त्यातल्या अनेकांच्या घरी अहिराणी, गुजरी किंवा पावरी बोलली जाते. थेरपीच्या विद्यार्थ्यांबरोबर त्यांना एक उन्हाळा या गावांत घालवू द्यावा. निरोगी म्हातारी माणसं, पाच वर्षांची मुलं, शेतात काम करणाऱ्या बाया कशा बोलतात, कुठे थांबतात, कोणता ध्वनी कोणत्या वयात येतो, हे नोंदवावं. सुरुवातीला कानाच्या तपासणीसाठी अहिराणीतल्या दोन अक्षरी शब्दांची एक यादी झाली तरी चालेल. ‘डोया’ तिच्यात बरोबर उत्तर म्हणून छापलेला असावा.