इवल्या विश्वातील सत्य

पैनगंगेकाठच्या देऊळघाटासारख्या वऱ्हाडी गावात भाद्रपदातील ज्येष्ठा-कनिष्ठा महालक्ष्म्यांपुढे जेव्हा शेतशिवाराची आरास मांडली जाते, तेव्हा आवाहन देवींचेच होते, शेजारच्या मातीच्या कुणब्याचे नव्हे. आणि तरीही त्याच्या इवल्या मोटेचा नाडा अख्ख्या सुतळीचा नसावा, सुतळीचा एकेक तंतू उकलून नव्याने वळलेला असावा, असा आग्रह आरास करणाऱ्याच्या मनी का असतो?

केवळ मापाने हा खरेपणा साधत नाही. नाडा हवा तितका बारीक करता येतो, परंतु पाण्याचा थेंब मापाबरहुकूम लहान होत नाही, म्हणून तळ्याच्या जागी आरसा ठेवावा लागतो, आणि वाटीभर खऱ्या पाण्याहून तोच अधिक खरा दिसतो. कामसूत्रावरील 'जयमंगला' टीकेत यशोधराने चित्राची सहा अंगे सांगताना प्रमाण आणि सादृश्य ही निराळी गणली, ते मला यथार्थ वाटते. कारण प्रमाण हाताच्या स्वाधीन असते, सादृश्यासाठी मात्र वस्तूविषयी ममत्व लागते. इवल्या घराची कोणाच्याही दृष्टीस न पडणारी मागची भिंतही जो तितक्याच निगुतीने सारवतो, त्याची ती सेवा मंत्रावाचूनही देवीच्या दप्तरी रुजू होत असली पाहिजे, अशी माझी श्रद्धा आहे.