खोडलेलं वाक्य

मागच्या जूनमधली गोष्ट. रात्री साडेअकरा वाजता घरच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप ठेवून मी एका अनोळखी व्यक्तीला एक वाक्य टाइप करताना पाहत होतो. वाक्य पूर्ण झालं. मग बराच वेळ काहीच हललं नाही. अशा वेळी काही घडत नसल्यामुळे प्लेअर तो भाग आपोआप पुढे ढकलतो आणि कोपऱ्यात ‘४० सेकंद वगळले’ असं दाखवतो. त्या चाळीस सेकंदांनंतर वाक्य शेवटाकडून एकेक अक्षर करत पुसलं गेलं आणि रिकाम्या चौकटीत दोनच शब्द उमटले : घरगुती कारण.

ते खोडलेलं वाक्य मला आजही शब्दश: आठवतं. ते मी इथे लिहिणार नाही. पण ते माझ्यापर्यंत कसं पोचलं हे सांगायला हवं. त्यात कुणी हॅकर नव्हता, कुणाची वाईट नियत नव्हती. होती ती कॉन्फिग फाइलमधली एक ओळ, आणि ती मी स्वत: बदलली होती.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एकच वेब ॲप्लिकेशन किमान तीन ठिकाणी नांदत असतं. पहिलं आमच्या लॅपटॉपवर, त्याला लोकल म्हणतात. दुसरं स्टेजिंगवर, म्हणजे रंगीत तालमीच्या जागी. तिसरं प्रॉडक्शनवर, जिथे तुम्ही खरोखर फॉर्म भरता. कोड तिन्हीकडे एकच असतो. बदलतात ती सेटिंगं : डेटाबेस कुठला, चूक झाली तर पडद्यावर काय दाखवायचं, लॉगमध्ये किती लिहायचं, प्रोफायलर चालू की बंद. लोकलवर आम्ही सगळं उघडं ठेवतो. तिथले अर्जदार म्हणजे ‘टेस्ट टेस्ट’ आणि ‘अबक’, त्यांचे मोबाइल नंबर म्हणजे दहा वेळा नऊ. त्यांच्याकडे कितीही रोखून पाहिलं तरी कुणाला लाजल्यासारखं होत नाही. वर्षानुवर्षं अशा पुतळ्यांकडे बघून आमच्या डोळ्यांना एक सवय लागते, आणि तीच सवय घेऊन आम्ही प्रॉडक्शनवर जातो.

आमचा फॉर्म शिक्षण मध्येच सुटलेल्या आणि आता पुन्हा प्रवेश घेणाऱ्यांसाठी होता. त्यात फी-सवलतीचा अर्ज होता, वार्षिक उत्पन्न होतं आणि ‘शिक्षणात खंड पडला असल्यास कारण’ अशी एक चौकट होती. तक्रारी येऊ लागल्या : शेवटचं बटण चालत नाही. आमच्याकडे ते चालत होतं. सर्व्हरचे लॉग पाहिले, तर तिथे काहीच नाही. चुकीची नोंद नाही, एवढंच नव्हे, त्या अर्जदारांची विनंती सर्व्हरपर्यंत पोचल्याचीही नोंद नाही. म्हणजे जे काही बिघडत होतं ते त्यांच्या फोनमध्येच बिघडत होतं.

अशा वेळी उपयोगी पडतं ते सेशन रिप्ले नावाचं साधन. वापरणाऱ्याच्या पानावर काय काय घडलं, बोट कुठे टेकलं, कुठल्या चौकटीत काय आलं याची नोंद ते ठेवतं आणि नंतर चित्रफितीसारखं चालवून दाखवतं. आमच्याकडे ते होतं, पण त्यावर मास्किंग लावलेलं होतं. टाइप केलेलं प्रत्येक अक्षर तारकेच्या रूपात दिसायचं. मी रेकॉर्डिंग पाहिली. चौकटीत सहा तारका येतात, मग बटणावर बोट पडतं, पुन्हा पडतं, सहा-सात वेळा पडतं आणि मग पान बंद होतं. त्या वारंवार पडणाऱ्या बोटाकडे पाहणं फार त्रासदायक असतं. कुणीतरी दार ठोठावतंय आणि आत आपण बसलोय, असं वाटतं.

मी आमच्या लीडला विचारलं, “मास्किंग काढू का?”

ती म्हणाली, “काढ. पण लगेच परत लाव.”

स्टेजिंगच्या फाइलमधली ओळ मी प्रॉडक्शनच्या फाइलमध्ये आणली. दुसऱ्या दिवशी रात्री नवी रेकॉर्डिंग उघडली आणि तिसऱ्याच रेकॉर्डिंगला कारण सापडलं. अर्जदार फोनवर मराठी कीबोर्ड वापरत होता. उत्पन्नाचा आकडा त्याने मराठी अंकांत लिहिला होता. ब्राउझरमधली आमची तपासणी फक्त इंग्रजी अंक ओळखत होती. (गंमत अशी की सर्व्हरवरच्या पायथनला मराठी अंकही चालले असते, जावास्क्रिप्टला ते अंक वाटत नाहीत.) चुकीचा संदेश पानाच्या अगदी वर येत होता आणि छोट्या फोनवर तो पडद्याबाहेर राहत होता. अर्जदाराच्या दृष्टीने बटण मेलेलं होतं.

तारकांआड हे कधीच दिसलं नसतं. मराठी पाच काय, इंग्रजी पाच काय, तारका सारखीच. म्हणून ‘लोकांचं खासगी आहे, बघूच नका’ असं सरसकट म्हणणाऱ्यांशी मी पूर्ण सहमत होऊ शकत नाही. न पाहण्याचाही बळी जातो. या प्रकरणात तो कुणाचा गेला असता? ज्यांच्या फोनचा कीबोर्ड मराठी आहे त्यांचा, म्हणजे ज्यांच्यासाठी ती सवलत होती बहुधा त्यांचाच. आमच्या टीममधला एकही जण मराठी अंक टाइप करत नाही. त्यामुळे ही चूक आम्हाला आपल्या जागेवरून दिसणं शक्यच नव्हतं.

पण मी तिसऱ्या रेकॉर्डिंगनंतर थांबलो नाही. चौथं पाहिलं, ते खात्री करण्यासाठी. पाचवंही त्याचसाठी, असं म्हणता येईल. त्या रात्री मी एकूण चौदा पाहिली. खोडलेलं वाक्य नवव्यात होतं.

नवव्याला मी काय शोधत होतो याचं प्रामाणिक उत्तर ‘काहीच नाही’ असं आहे. यादी होती, पुढचं रेकॉर्डिंग आपोआप सुरू होत होतं, आणि माणसं बघायला बरं वाटत होतं. कुणी आईचं नाव आधी चुकीचं लिहून मग दुरुस्त करत होतं. कुणी उत्पन्नाच्या चौकटीत तीन वेगवेगळे आकडे घालून पाहत होतं. आपण बाल्कनीतून रस्ता बघतो तसंच ते होतं. फरक इतकाच, की रस्त्यावरच्या माणसाला आपण रस्त्यावर आहोत हे माहीत असतं.

हे माझ्या एकट्याचं पाप नाही, असं म्हणून हात झटकता येतील. प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी नोव्हेंबर २०१७ मध्ये दाखवून दिलं होतं की आघाडीच्या ५०,००० संकेतस्थळांपैकी किमान ४८२ वर अशी रेकॉर्डिंगची साधनं चालू आहेत, आणि फॉर्म पाठवायच्या आधी टाइप केलेला मजकूरही त्यांच्याकडे जाऊ शकतो. ३ मे २०१८ ला ट्विटरने आपल्या ३३ कोटींहून अधिक वापरकर्त्यांना पासवर्ड बदलण्याचा विचार करा असं सांगितलं, कारण ते पासवर्ड अंतर्गत लॉगमध्ये जसेच्या तसे लिहिले जात होते. गैरवापर झाल्याचं आढळलं नाही, असंही कंपनीने सांगितलं. ते खरं मानलं तरी लॉग ही वाचण्यासाठीच लिहिलेली गोष्ट असते.

आमच्या साधनांना गुपित म्हणजे काय कळतं, हाही एक मुद्दा आहे. जँगो हे वेबसाठीचं लोकप्रिय फ्रेमवर्क घ्या. त्याचा डिबग मोड चालू असताना चूक झाली की पडद्यावर आतली सगळी चिरफाड दिसते. पण एखाद्या सेटिंगच्या नावात ‘पास’, ‘सीक्रेट’, ‘टोकन’, ‘की’ यांसारखा शब्द असेल तर त्याचं मूल्य आपोआप झाकलं जातं. चांगली सोय आहे. पण ही यंत्राची गुपितं झाली, आमची कुलपं-किल्ल्या. ‘उत्पन्न’, ‘जात’, ‘खंड पडण्याचं कारण’ या चौकटी कुठल्याच यादीत नसतात. माणसाला काय लपवावंसं वाटेल हे आधी कुणीतरी माणसानेच ठरवून लिहावं लागतं, आणि ते लिहिण्याचं काम सहसा कुणाच्याच तिकिटात नसतं.

नंतरच्या दिवसांत मला संजय वारंवार आठवला. दूरवरचं सगळं पाहून सांगणारा म्हणून आपण त्याच्यावर विनोद करतो, पण मूळ कथेतल्या अटी आपण विसरतो. भीष्मपर्वात व्यास ती दृष्टी आधी धृतराष्ट्राला देऊ करतात. तो नको म्हणतो. कुळाचा संहार डोळ्यांनी बघवणार नाही, ऐकेन म्हणतो. मग ती संजयला मिळते. उघड आणि गुप्त, दिवसाचं आणि रात्रीचं, एवढंच काय, दुसऱ्याच्या मनात आलेलंही त्याला कळेल, असा तो वर आहे. याहून संपूर्ण डिबग मोड कुठल्या फ्रेमवर्कने दिलेला नाही. पण सौप्तिकपर्वात, दुर्योधन मेल्यावर, संजय सांगतो की ऋषींनी दिलेली दिव्यदृष्टी आज गेली. युद्धापुरती मिळाली होती, युद्ध संपलं, दृष्टी संपली. संजयला ती स्वत:हून परत करावी लागली नाही. मला वाटतं, यातच शहाणपण आहे. ज्याला दृष्टी मिळालीय त्याच्यावरच ती मिटण्याची जबाबदारी टाकली तर काय होतं, हे मी करून पाहिलंय. ‘लगेच परत लाव’ यातलं ‘लगेच’ माझ्याकडून अकरा दिवसांचं झालं. दुसरं तिकीट आलं, मग तिसरं आलं, आणि ती ओळ राहून गेली.

अशी आपोआप मिटणारी किंवा मोजकंच पाहणारी साधनं बनवता येत नाहीत, असं नाही. पीएचपीवाल्यांच्या एक्सडिबगमध्ये प्रोफायलर प्रत्येक विनंतीला न चालवता, खास खूण घेऊन आलेल्या विनंतीपुरताच चालवता येतो. गूगलने २०१० मध्ये ‘डॅपर’ या आपल्या अंतर्गत प्रणालीवर निबंध प्रसिद्ध केला. एक विनंती हजारो यंत्रांतून कशी फिरते आणि कुठे रेंगाळते, हे ती शोधते. त्यात दोन गोष्टी स्पष्ट लिहिल्या आहेत : प्रचंड वर्दळीच्या सेवांना १,०२४ विनंत्यांमागे एक तपासली तरी पुरते, आणि विनंतीच्या पोटातला मजकूर नोंदवला जात नाही, फक्त कोणतं काम कोणी कोणाला सांगितलं तेवढं नोंदवलं जातं. पोस्टमनने पाकिटावरचा शिक्का बघून पत्र कुठे अडकलं ते सांगावं, तसं. पाकीट फोडण्याची गरज नाही.

हे वाचल्यावर मला माझी सबब तपासावी लागली. ‘तारका ठेवल्या असत्या तर चूक दिसली नसती’ असं मी वर लिहिलं, आणि ते खरं आहे. पण तारका आणि उघडा मजकूर एवढे दोनच पर्याय होते का? प्रत्येक मराठी अंकाच्या जागी मराठी शून्य, प्रत्येक इंग्रजी अंकाच्या जागी इंग्रजी शून्य आणि बाकी अक्षरांच्या जागी तारका, असा मुखवटा चार-पाच ओळींत लिहिता येतो. मी तो नंतर लिहिला, जेवता जेवता. तो आधी असता तर चूक पहिल्याच रात्री सापडली असती आणि कुणाचंही काही वाचावं लागलं नसतं. खासगीपणा की दुरुस्ती, असा मोठा नैतिक पेच मी डोक्यात उभा केला होता. त्यातला बराचसा भाग निव्वळ आळस होता.

सगळा मात्र नव्हता, कारण वाक्य तर मला कळलं होतं. आणि त्याचं काय करायचं हा प्रश्न कुठल्याही मुखवट्याने सुटणारा नव्हता. सवलत देणारी समिती कारण वाचते. ‘घरगुती कारण’ हे कमकुवत कारण आहे. खोडलेलं वाक्य वाचून कुणीही सवलत दिली असती. अर्जदाराचा नंबर त्याच पडद्यावर होता. एक फोन करून नुसतं म्हणता आलं असतं, की कारण जरा सविस्तर लिहाल का? दोन दिवस मी तो फोन मनात करत होतो. प्रत्येक वेळी समोरून एकच प्रश्न यायचा : तुम्हाला कसं माहीत?

मी फोन केला नाही. हे बरोबर होतं की भित्रेपणा होता, हे मला अजून नीट सांगता येत नाही. इतकं वाटतं की त्या चाळीस सेकंदांत एक निर्णय झाला होता. सवलतीची किंमत म्हणून हे वाक्य द्यायचं का, याचा विचार करून त्या व्यक्तीने ‘नाही’ असं ठरवलं होतं. मी कितीही भल्या हेतूने बोललो असतो तरी तो निर्णय मी मोडला असता. मी एवढंच केलं, की त्या चौकटीखाली ‘हे कारण कोण वाचतं’ याची एक ओळ टाकली आणि ती टाकताना खरी असेल याची खात्री केली. त्या व्यक्तीला त्याचा काही उपयोग नव्हता. तिचा अर्ज कधीच गेला होता.

मास्किंग परत लावलं. अकरा दिवसांची सगळी रेकॉर्डिंग पुसली. पुसताना कळलं की कुणी कोणतं रेकॉर्डिंग कधी उघडलं याची वेगळी नोंद त्या साधनात राहते, आणि ती मला पुसता येत नाही. तिथे माझं नाव ओळीने चौदा वेळा आहे, वेळेसकट.

लीडला मी सगळं सांगितलं. तीन नव्हे चौदा पाहिली, हेही सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग तिने खुर्ची जरा जवळ ओढली आणि विचारलं, “पण असं लिहिलं तरी काय होतं?”

“घरगुती कारण,” मी म्हणालो.