पुन्हा बनगरवाडी

सध्या नवीन काय वाचलंत, असं कुणी विचारलं, तर माझं उत्तर जुनंच आहे: व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’. पुस्तक १९५५ सालचं. गोष्ट जुन्या औंध संस्थानातली. आज आटपाडी सांगलीत आणि औंध साताऱ्यात. गोष्टीच्या काळात दोन्ही त्याच संस्थानात होती. तिथल्या धनगरांच्या वाडीवर एक कोवळा मास्तर येतो. पोरं मेंढरांमागं, शाळा ओस. म्हातारा कारभारी त्याच्या पाठीशी उभा राहतो, पुढं गैरसमजानं दुरावतोही. मास्तर गावाकडून तालीम बांधून घेतो आणि मग दुष्काळ पडतो. भुरट्या चोऱ्या करणाऱ्या आनंदा रामोशालाही माडगूळकर नावं ठेवत नाहीत की डोक्यावर घेत नाहीत. गावाबद्दल असं लिहिणं फार थोड्यांना जमलं.

त्यावरचा अमोल पालेकरांचा चित्रपट १९९५चा. त्यातलं उजाड माळरान डोळ्यांपुढून हलत नाही, पण पुस्तकातला मिश्कीलपणा मला पडद्यावर कमी वाटला.

मध्यंतरी ‘लागिरं झालं जी’ ही मालिकाही पुन्हा थोडी पाहिली. अस्सल सातारी बोली, घराघरांतली फौजेची ओढ. सुरुवातीचे भाग झकास. पुढं मात्र पाणी घालून वाढवत नेलंय. (मालिकांना तो शापच!)

सुट्टीत महाबळेश्वर-पाचगणीला जाणार असाल, तर वाटेवरच्या भिलारला थांबा. २०१७पासून ते पुस्तकांचं गाव आहे. लोकांच्या घरांत बसून निवांत वाचता येतं. स्ट्रॉबेरी काय, येताना घ्या.