गोधडीतला पुरावा

आजी जन्मभर राबली, असं म्हणून आपण मोकळे होतो. पण त्या राबण्याची नोंद कुठे सापडते? उदाहरणार्थ, रशियातून 1874 पासून कॅनडातल्या मॅनिटोबात येऊन वसलेल्या मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या गावांत उपदेशक पुरुषच असत, म्हणून दप्तरंही बहुतेक त्यांचीच. आज्यांचा पुरावा गोधड्यांत आहे. जुन्या कापडाचे तुकडे जोडून केलेल्या अशा गोधड्या, 1920 साली स्थापन झालेली मेनोनाइट सेंट्रल कमिटी ही मदतसंस्था आजही निर्वासितांकडे पाठवते. कुणी म्हणेल, कष्ट तर तिच्यावर लादलेलेच होते. खरं आहे, कष्टांचं कौतुक हे पुष्कळदा अन्यायावरचंच पांघरूण असतं! पण लादलेलं काम सहसा उंबऱ्याआत संपतं. कधीही न दिसणाऱ्या माणसाच्या उबेसाठी घातलेल्या टाक्यात तिची स्वतःची निवडही असते, असं मला वाटतं. आज कुणा आजीची आठवण काढाल, तेव्हा तिच्या वयाआधी तिच्या हातचं काम विचारा.