कात्रीने आणलेला हिवाळा

खानदेशातलं शिंदखेडा आणि नाशिक यांच्या अक्षांशात जेमतेम सव्वा अंशाचा फरक. खरा फरक उंचीचा. नाशिक सुमारे 600 मीटरवर, शिंदखेडा तापीच्या खोऱ्यात, पुष्कळच खाली. इथे व्हाइट वाइनची द्राक्षं लावायची म्हटलं की सगळे उन्हाची धास्ती घेतात. मला विचाराल तर आधी रात्रीचं बोलावं.

मण्यात पाणी उतरलं की साखर चढू लागते आणि आंबटपणा उतरू लागतो. द्राक्षात मुख्य आम्लं दोन. टार्टारिक चिवट, ते बरंचसं टिकतं. मॅलिक मात्र मणी श्वासाबरोबर जाळत राहतो, आणि हवा जितकी गरम तितका झपाट्याने. रात्र उबदार असेल तर हे जळणं सूर्य मावळला तरी थांबत नाही. मग साखर मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरवर ब्रिक्स 22 दिसतो, पण वाइन बेचव, मिळमिळीत होते. रेड वाइनमध्ये सालीचा तुरटपणा थोडं सांभाळून घेतो. व्हाइटमध्ये रस काढताच साल बाजूला होते, झाकायला काही उरत नाही.

शेनिन ब्लां आणि सोव्हिन्यों ब्लां फ्रान्समधल्या लुआर खोऱ्यात मुरलेल्या जाती. अक्षांश 47च्या आसपास. तिथे वेल हिवाळाभर झोपतो आणि उन्हाळा ओसरताना फळ पिकतं. आपल्याकडे वेल झोपतच नाही, म्हणून त्याचं वर्ष आपण कात्रीने ठरवतो. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ती नुसती काडी तयार करायला. सप्टेंबर-ऑक्टोबरात फळ छाटणी. घड जानेवारी ते मार्चमध्ये तयार, म्हणजे मणी भरतो तो थंडीच्या रात्रींत. राजीव सामंत यांच्या सुला वाइनरीने नाशिकमध्ये याच दोन जाती लावल्या आणि 2000 साली पहिली वाइन बाजारात आणली, ती याच वेळापत्रकाच्या जोरावर.

सोव्हिन्योंला एक हिरवा वास असतो. तो पायराझिन नावाच्या द्रव्यांचा, आणि तीच द्रव्यं ढोबळ्या मिरचीतही असतात. शिंदखेडा तालुक्यातल्या दोंडाईच्याच्या मिरची बाजाराशेजारी राहणाऱ्यांना हिरव्या मिरचीचा वास वेगळा समजावायला नको. घडावर ऊन जास्त पडलं की तो वास विरतो. सावली जास्त ठेवली तर नुसता हिरवटपणाच उरतो. म्हणून घडाभोवतीची पानं किती काढायची, यावर बागेत वाद होतात, आणि ते व्हायलाच हवेत.

पुढची थंडी तळघरात. घड पहाटे तोडायचे, रस लगेच गार करायचा, स्टीलच्या टाकीत 12 ते 16 अंशांवर सावकाश आंबवायचा. गरम आंबवण उरकतं लवकर, पण सुगंध वायूबरोबर उडून जातो. पेरूसारखा वास देणारी काही द्रव्यं मुळात द्राक्षात बांधलेली, गंधहीन असतात. ती यीस्ट मोकळी करतं. थंड प्रदेशात जादा मॅलिक जिवाणूंकडून मऊ लॅक्टिकमध्ये बदलून घेतात. आपल्याकडे उलट हा बदल अडवावा लागतो, कारण मॅलिक आधीच थोडं. कमी पडलंच तर टार्टारिक घालतात. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आता शिंदखेडा. खानदेशात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री चांगल्याच गारठतात, हे खरं. पण फेब्रुवारी सरला की ऊन एकदम अंगावर येतं. म्हणून छाटणी सप्टेंबरातच उरकावी, तर परतीच्या पावसात कोवळ्या फुटीवर डाऊनी रोग येतो. ऑक्टोबरात ढकलली, तर शेवटची गोडी मार्चच्या झळांत भरते. नाशिककरालाही हीच कसरत करावी लागते, फक्त त्याच्या हातात चार दिवस जास्त असतात. इथे मी तरी सोव्हिन्योंच्या वाटेला जाणार नाही. आंबटपणा धरून ठेवणारी शेनिन लावेन.