उपाहारगृहातील अन्नब्रह्म

भोजनापूर्वी ताटाभोवती पाणी फिरवून चित्राहुती घालणारा गृहस्थ अन्नाचे पावित्र्य मान्य करीत असतो, हे खरे. परंतु तेच अन्न उपाहारगृहाच्या संगमरवरी मेजावर, शेजारच्या अपरिचिताचे कुलगोत्र न पुसता ग्रहण केले, तर ते पावित्र्य नष्ट होते काय, हा प्रश्न मला क्षुल्लक वाटत नाही. १८९० साली पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमधील चहापानावरून रानडे-टिळकांसारख्या थोरांविरुद्ध ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचे प्रकरण, उभे राहिले, शंकराचार्यांपर्यंत फिर्याद गेली आणि प्रायश्चित्ते घडली. चहाच्या एका पेल्याने धर्म बुडतो असे मानणाऱ्या त्या काळाकडे पाहिले की मन खिन्न होते. वस्तुतः तैत्तिरीय उपनिषदातील भृगूला तपाअंती प्रथम उमगले ते अन्न हेच ब्रह्म, आणि गीतेच्या पंधराव्या अध्यायातील वैश्वानर, म्हणजे जठराग्नी, प्राणिमात्रांच्या देही सारखाच वसतो. त्याने पंक्तिभेदाची सनद कोणासही दिलेली नाही. म्हणूनच सकाळच्या प्रहरी मुंबईच्या एखाद्या इराण्याकडे एकाच मेजाशी ब्रून-मस्का चहात बुडवीत बसलेले हमाल, कारकून आणि वकील यांच्या त्या साध्या तृप्तीत मला उपासनेचाच अंश दिसतो. घरचा दस्तूर अवश्य पाळावा. पण चित्राहुतीमागील भाव घरीच ठेवून बाहेर पडण्याचे कारण नाही. पुढच्या खेपेस वाफाळत्या पोह्यांची बशी समोर आली की वाचकांनी क्षणभर हात जोडावेत, आणि ती आणून देणाऱ्या वाढप्याची न्याहारी झाली की नाही, याचीही विचारपूस करावी.