नदी नेमकी कुठे संपते?

राजूर गावाच्या पश्चिमेला, रतनगडाच्या परिसरात उगम पावणारी प्रवरा प्रवरासंगमला गोदावरीत मिसळते आणि तिचे पाणी आंध्रात बंगालच्या उपसागराला भेटते. तिथे काकीनाड्याजवळ कोरिंगाची खारफुटी आहे. सागरात नद्या नामरूप टाकतात, हा छांदोग्य आणि मुंडक उपनिषदांतला दृष्टांत. पण नेमक्या कुठे? खाजणात तशी रेषा सापडत नाही. खारे पाणी मिसळताच गाळाचे बारीक कण एकमेकांना चिकटून तळाशी बसतात. भरती त्यांच्यावर चढते, ओहोटी उतरते. खारफुटीतले तिवर पानांवाटे मीठ बाहेर टाकते, मोरस ते मांसल पानांत साठवते. विलय इथे घटना नसून अवस्था आहे; दृष्टांत तेवढा तोकडा पडतो. शिवाय राजूरच्या वर, प्रवरेवर १९२६ मध्ये पूर्ण झालेले भंडारदरा धरण वरचा बराच गाळ अडवते. त्या गाळापुरती नदी राजूरपाशी पोहोचण्याआधीच संपते.